जळत असल्याचे मानण्यात आलेला दिवा

एक्स-रे यंत्राच्या खोलीबाहेर लाल दिवा असतो. आत किरण चालू असताना तो जळला पाहिजे आणि किरण बंद असताना जळता कामा नये. याहून सोपा नियम मला ठाऊक नाही. चौकातल्या सिग्नलला तीन रंग असतात, त्यामुळे तेथे निदान गोंधळाला वाव आहे. येथे एकच रंग आहे. तरीही चंडीगढच्या ज्या संशोधन संस्थेत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, तेथे हा एक दिवा पेटता ठेवणे कोणाला जमले नाही, आणि तो पेटत नाही हे कोणाकडून कबूल करून घेणे मला जमले नाही.

आमचे यंत्र रुग्णालयातल्या यंत्राप्रमाणे हाडे पाहत नाही. ते स्फटिक पाहते. मिठाच्या कणाहूनही लहान असा स्फटिक सुईच्या टोकाशी बसवायचा, त्यावर किरणांचा बारीक झोत सोडायचा आणि पलीकडे विखुरलेल्या किरणांचे ठिपके टिपायचे. त्या ठिपक्यांच्या जागा आणि त्यांची तीव्रता यांवरून आतले अणू कसे रचले आहेत ते गणिताने काढता येते. सांगली सोडून मी इकडे आलो तो या कामासाठी. ठिपक्यांना कोणाची मर्जी राखावी लागत नाही, हा या शास्त्राचा मोठा गुण आहे.

अशा प्रत्येक प्रयोगशाळेत एक विकिरण सुरक्षा अधिकारी असावा लागतो. या पदाला वेगळे वेतन नाही, मान नाही, आणि काही बिघडले तर जबाबदारी मात्र व्यक्तिशः त्याची. नेमणुकीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सर्वांनी माझ्याकडे पाहिले. बँक, गॅस एजन्सी, महापालिका आणि पदपथावर गाड्या उभ्या करणारे शेजारी यांना मी पत्रे लिहितो हे सर्वांना माहीत होते. एकजण म्हणाला, "सर, आपको तो शौक भी है।" मला शौक नाही. लोक नियम मोडतात आणि मी ते लक्षात आणून देतो. यात शौक असलाच तर तो मोडणाऱ्यांचा आहे.

दिवा जळत नाही हे पहिले पत्र मी पदभार घेतला त्याच आठवड्यात देखभाल विभागाला लिहिले. उत्तर आले की दिवा सुस्थितीत आहे. मी दुसरे पत्र लिहिले. त्यालाही उत्तर आले की दिव्याची तपासणी केली असून तो सुस्थितीत आहे. तेव्हा मी देखभालीच्या अभियंत्यास समक्ष बोलावले. हा गृहस्थ पंचकुल्याहून रोज गाडीने येत असे आणि कोणत्याही गोष्टीला 'नाही' म्हणणे त्याला असभ्यपणाचे वाटत असे. यंत्र चालू होते. आम्ही दोघे दाराबाहेर उभे राहिलो आणि मी वर बोट दाखवले.

"ये बत्ती जल रही है?"

त्याने बराच वेळ वर पाहिले. "सर जी, मशीन चल रही है ना?"

"चल रही है।"

"तो फिर बत्ती जल रही है। बत्ती बंद हो तो मशीन चल ही नहीं सकती। सेफ्टी है।"

"मैं बत्ती देख रहा हूँ। वो बंद है।"

"देखने में बंद है, सर। सिस्टम में चालू है।"

त्याचे म्हणणे वरवर चूक नव्हते. या यंत्राची रचनाच तशी आहे: दिव्यातून वीज वाहत नसेल तर किरण निर्माण होणेच थांबते. दिवा फुटो, तार तुटो, यंत्र आपोआप बंद. ही व्यवस्था करणाऱ्या माणसाने गृहीत धरले होते की पुढे येणारी माणसे त्याच्याइतकीच प्रामाणिक असतील. मी संतापलो. संतापाच्या भरात केलेले काम टिकत नाही असा माझा अनुभव असल्यामुळे मी त्याला तेव्हा परत पाठवले. दुसऱ्या दिवशी यंत्र रीतसर बंद करवून, अभियंत्याला साक्षीला उभे करून, मी विजेच्या पेटीचे झाकण उघडवले आणि यंत्र पुन्हा सुरू करण्यास सांगितले.

पेटीच्या आत, तारांच्या मागे, एक छोटा लाल दिवा लागला. दारावरचा मूळ दिवा परदेशी होता. तो पूर्वी केव्हातरी गेला असणार, तसाच दुसरा मिळाला नसणार, आणि कोणीतरी तेवढीच वीज खाणारा हा दिवा पेटीत जोडून यंत्राची समजूत घातली होती. वर झाकण लावले होते. तेव्हापासून हा दिवा इमानेइतबारे, कोणाच्याही दृष्टीस न पडता, धोक्याची सूचना देत होता.

"देखा सर," अभियंता म्हणाला, "जल रही है।"

मी यंत्र बंद केले, मुख्य खटक्याला कुलूप घातले, त्यावर सही केलेली पट्टी चिकटवली आणि त्याच दिवशी किरणयंत्रांना परवाने देणाऱ्या नियामकांना कळवले. नियामकांकडून उत्तर यायला ऋतू बदलतो असा सर्वांचा, माझ्यासह, समज होता. या वेळी मात्र उत्तर लगेच आले. मूळ रचनेप्रमाणे दिवा बसवून त्याची चाचणी होईपर्यंत यंत्र चालवू नये, असा स्पष्ट आदेश होता. संचालकांनी मला बोलावून विचारले की दिवा येईपर्यंत दारात एक माणूस उभा केला तर चालणार नाही का. मी म्हणालो, माणूस गेला तर यंत्र आपोआप बंद पडत नाही. त्यांनी चर्चा तेथेच थांबवली.

आता ज्यांच्यामुळे ही हकीकत लिहावीशी वाटली त्या संशोधिकेविषयी सांगितले पाहिजे.

त्या मूळच्या अमरावतीच्या. पती सैन्यात, जवळच्या चंडीमंदिर छावणीत नेमणुकीवर. नवऱ्याच्या बदलीबरोबर संशोधन सोडायचे आणि पुढच्या गावी जे मिळेल ते धरायचे, असे त्यांचे आजवर चालले होते. आमच्याकडे त्यांना मुदतीच्या प्रकल्पावर जागा मिळाली होती आणि गव्हावर तांबेरा पाडणाऱ्या बुरशीतल्या एका प्रथिनाचे स्फटिक वाढवण्यात त्यांनी सगळी मुदत घातली होती. प्रथिनाचा स्फटिक ही लहरी वस्तू आहे. थेंबभर द्रावात तो वाढतो किंवा वाढत नाही, आणि का, ते सांगत नाही. इतर प्रथिनांचे स्फटिक गोठवून ठेवता येतात. यांचे गोठवले की तडकत होते. वाढले की ताजे असतानाच मोजायचे, एवढाच मार्ग होता. दोन हिवाळे काही झाले नाही. मग अखेर काही थेंबांत स्वच्छ, धारदार कडांचे स्फटिक दिसू लागले, आणि त्याच सुमारास मी यंत्राला कुलूप घातले.

त्या माझ्या खोलीत आल्या तेव्हा बसल्या नाहीत.

"सर, मशीनला कुलूप तुम्ही लावलं?"

"लावलं."

"अन् किल्ली?"

"माझ्याकडे आहे."

"मग उघडा ना."

"दिवा जळत नाही."

"सर, मी आली तेव्हापासून तो दिवा जळून नाही राहिला. आम्ही सगळे जिवंत आहोत ना?"

"जिवंत असणं हा सुरक्षिततेचा पुरावा नाही."

"मग कशाचा आहे?"

"योगायोगाचा."

"घरी तुम्हाला सहन करणाऱ्या काकूंचा सत्कार केला पाहिजे एकदा," त्या म्हणाल्या.

"त्यांनी अद्याप तशी मागणी केलेली नाही."

मग त्या बसल्या आणि आवाज खाली आला. पतीची बदली निघाली होती. ईशान्येकडच्या एका छावणीत, जिथे जवळपास कोठेही असे यंत्र नाही. क्वार्टरच्या व्हरांड्यात काळ्या ट्रंका मांडून झाल्या होत्या आणि त्यांच्यावर नवा पत्ता रंगवण्याचे काम सुरू होते. त्या गेल्या की प्रकल्प संपणार होता. त्यांच्या जागी येणाऱ्याला स्फटिक पहिल्यापासून वाढवावे लागणार होते, किंवा, अधिक शक्यता अशी की, कोणी येणारच नव्हते.

"कडा गोल व्हायला लागल्या, सर," त्या म्हणाल्या. "आज सकाळी पाहिलं मी. विरघळून राहिले ते परत. तुमचा दिवा येईपर्यंत माझ्याजवळ नुसतं पाणी राहील."

कडा गोल होणे म्हणजे काय हे मला सांगण्याची गरज नव्हती. मी किल्ली काढून टेबलावर ठेवली नाही, कारण त्याचा काही उपयोग नव्हता. आदेश किल्लीवर नव्हता, यंत्रावर होता. परंतु त्याच दुपारी मी इंडस्ट्रियल एरियात गेलो. तेथल्या एका दुकानदाराने माझ्यापुढे लाल दिव्यांची रांग मांडली आणि विचारले, "ट्रक वाली, एम्बुलेंस वाली, के विआह वाली?" लग्नाच्या मांडवातल्या दिव्यासकट त्यांपैकी कोणत्याही दिव्यातून आमच्या यंत्राला हवी तेवढी वीज वाहत नव्हती. वाहत असती तरी ती बाजारातून परस्पर आणलेली वस्तू म्हणून खरेदी विभागाने नाकारली असती, आणि तसे करणे नियमाला धरून झाले असते. नियम माझ्या आड आले म्हणून त्यांची योग्यता कमी होते असे मी मानत नाही. मला राग मात्र आला, आणि तो कोणावर काढावा हे बराच वेळ ठरेना.

असे दुसरे यंत्र मोहालीच्या एका संस्थेत होते. तेथील प्रमुख माझ्याच वयाचे एक सरदारजी होते आणि आमची ओळख चांगली नव्हती. काही वर्षांपूर्वी त्यांच्या प्रयोगशाळेला परवानगी देण्याच्या समितीवर मी बाहेरचा सदस्य होतो आणि मी सही नाकारली होती. कारण बिल्ले. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने छातीवर एक छोटा बिल्ला लावायचा असतो; त्या माणसाच्या वाट्याला किती किरण आले ते त्यात साठते आणि ठरावीक काळाने ते मोजले जाते. त्यांच्याकडे सगळ्यांचे बिल्ले यंत्राच्या खोलीतच एका खिळ्याला अडकवलेले होते. सकाळी आले की लोक खिळ्याकडे पाहून कामाला लागत. म्हणजे माणसांना किती किरण लागले ते कोणालाच ठाऊक नव्हते. खिळ्याला किती लागले याची मात्र अनेक वर्षांची तपशीलवार माहिती होती. मी हे तसेच लिहून दिले होते. परवानगी लांबली. नंतर आम्ही एका परिषदेत भेटलो तेव्हा त्यांनी चहाचा कप घेऊन दिशा बदलली.

"तिथे विचारलं असतं मी केव्हाच," संशोधिका म्हणाल्या, "पण आपल्या संस्थेचं नाव ऐकलं की ते म्हणतात मशीन बिझी आहे."

मी फोन केला. पत्राला अवधी नव्हता. मी कोण ते सांगितले. मी काम सांगितले. स्फटिक, बदली, कुलूप, सर्व क्रमाने सांगितले. मी विनंती करत आहे असेही सांगितले, कारण माझ्या आवाजावरून ते लोकांच्या लक्षात येत नाही.

"आ जाओ जी," ते अखेर म्हणाले. "पर कायदे से आना।"

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे तापण्याआधी आम्ही माझ्या गाडीने निघालो. संशोधिकेच्या मांडीवर थर्मोकोलची पेटी होती आणि पेटीत स्फटिकांच्या थाळ्या. थेंब हलला की स्फटिक काठाला जाऊन चिकटतो, म्हणून त्या पेटी तळहातांवर तोलून बसल्या होत्या. दक्षिण मार्गावर मी वेगमर्यादेच्या आत गाडी चालवत होतो. मी नेहमीच तशी चालवतो. मागून सतत हॉर्न येत होते.

"सर, मागचा ट्रक आपल्याला शिव्या देऊन राहिला."

"वेगमर्यादा त्यालाही लागू आहे."

"त्याला माहीत नसेल."

"फलक लावलेला आहे."

"आज पहिल्यांदा तुमच्या गाडीत बसून बरं वाटून राहिलं," त्या म्हणाल्या. "पण इतर दिवशी कोणी बसत असेल असं नाही वाटत."

मोहालीच्या हद्दीत गतिरोधक आहेत आणि त्यांवर पांढरे पट्टे नाहीत. याविषयी तेथील प्राधिकरणाकडे माझा पत्रव्यवहार चालू आहे. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी मी "आला" म्हणत होतो आणि त्या पेटी मांडीवरून उचलून हवेत धरत होत्या. एक मला दिसला नाही. गाडी आदळली; पेटी मात्र त्यांच्या हातांत होती तेथेच राहिली. त्यावर मी जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही.

सरदारजी दारातच उभे होते. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी संशोधिकेला आदराने नमस्कार केला आणि माझ्यापुढे एक कागद धरला. बाहेरून येणाऱ्या संशोधकाच्या संस्थेतील सुरक्षा अधिकाऱ्याने प्रयोगशाळा सुरक्षित असल्याची खात्री करून सही करावी, असा तो मजकूर होता.

"कर दो जी साइन। या पहले देखोगे?"

"देखूँगा।"

"मुझे पता था," ते संशोधिकेला म्हणाले. "कुर्सी लगवाऊँ आपके लिए? टाइम लगेगा।"

मी पाहिले. दारावरचा दिवा जळत होता. तो सैल करून पाहण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, यंत्र बंद पडले. दार उघडताच किरण थांबत होते. बिल्ले खोलीबाहेर मांडणीत, प्रत्येकाच्या नावाखाली ओळीने होते. जमिनीवर पिवळी रेषा आखलेली होती आणि बिल्ल्याशिवाय रेषेच्या आत येऊ नये असे पंजाबी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेले होते. दोष काढण्यासारखे काही सापडेना. मला ते सोयीचे वाटले नाही. मी भिंतीकडे पाहिले. खिळा तेथेच होता.

"कील रहने दी," सरदारजी म्हणाले. "आपकी याद में। नए बच्चे आते हैं तो दिखाता हूँ।"

मी सही केली. संशोधिकेने पेटी उचलली आणि त्या रेषेपर्यंत गेल्या. तेथे त्या थांबल्या, कारण मी "थांबा" म्हणालो होतो.

त्यांच्या छातीवर बिल्ला नव्हता. माझ्याही नव्हता. आमचे बिल्ले चंडीगढला, आमच्या मांडणीत होते. संस्थेच्या आवाराबाहेर बिल्ला नेऊ नये असा नियम मीच केला होता. एका सहकाऱ्याने तो बॅगेत ठेवून विमानप्रवास केला होता, सामानाच्या तपासणीत बिल्ल्याला किरण लागले होते, आणि सहकाऱ्याला इतके किरण कसे लागले याची चौकशी करण्यात मला नको इतका काळ घालवावा लागला होता. तेव्हा नियम योग्यच होता. फक्त आम्ही आता त्याच्या चुकीच्या बाजूला उभे होतो.

पाहुण्यांना देण्याचे किरण मोजायचे उपकरण होते. ते तपासणीसाठी बाहेरगावी गेले होते. सरदारजी म्हणाले की त्यांचा एक विद्यार्थी रजेवर आहे, त्याचा बिल्ला मॅडम लावू शकतील. मी नकार दिला. बिल्ला व्यक्तीचा असतो.

"सर," संशोधिका म्हणाल्या. आता त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, पेटीकडे पाहत होत्या. "हे मशीन पूर्ण बंद पेटीत आहे. आत जाऊन मला किती किरण लागतील? शून्य."

"शून्य लागले हे सिद्ध करायला बिल्ला लागतो."

"लागले तर मला लागतील. तुमचं काय जाते?"

"म्हणूनच."

"सर, मी हे दोन हिवाळे केलं." आवाज चढला नव्हता. "घरी पोरगा म्हणते, मम्मा की बुरशी. त्याला वाटते बुरशी हे माझं ऑफिसचं नाव आहे. तीन थेंब उरले. आता तुम्ही सांगा, मी परत गाडीत बसू का?"

नियम मोडता येत नव्हता आणि त्यांना परत गाडीत बसवताही येत नव्हते, आणि या दोहोंच्या मध्ये उभे राहण्याची मला सवय नाही. आयुष्यात बहुधा प्रथमच मी समोरच्या माणसाच्या उत्तराची वाट पाहत गप्प राहिलो.

उत्तर सरदारजींनी दिले. त्यांनी स्वतःच्या छातीवरचा बिल्ला बोटाने टिचकी मारून दाखवला. "मैडम नहीं जा सकतीं, साहब नहीं जा सकते। मेरा तो बिल्ला भी है, नाम भी मेरा ही लिखा है। मैं चढ़ा देता हूँ।"

"आप?" त्या म्हणाल्या.

"पिछला क्रिस्टल चढ़ाया था तब दाढ़ी काली थी। पर भूलता कौन है।"

सूक्ष्मदर्शक रेषेच्या बाहेर होता, त्यामुळे नाजूक काम संशोधिकेलाच करता आले. नायलॉनच्या केसाइतक्या बारीक फासात त्यांनी थेंबातला स्फटिक अलगद उचलला, त्यावर ओलावा टिकवणारी पारदर्शक नळी चढवली आणि तो सरदारजींच्या हातात दिला. देताना त्यांचा हात सुटेना. "छोड़ो जी," ते म्हणाले. त्यांनी सोडला. सरदारजी आत जायला निघाले आणि उंबरठ्यावरच दाराचा आपोआप मिटणारा पल्ला त्यांच्या कोपराला लागला. स्फटिक जमिनीवर कोठे पडला ते शोधण्यात अर्थ नव्हता.

मी जाऊन दार धरून उभा राहिलो. उंबरठा रेषेच्या बाहेर होता, मी तपासून घेतले होते.

दुसरा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली कोरडा निघाला. तिसऱ्यात एकच स्फटिक होता, पहिल्याहून लहान. त्यांनी तो उचलला तेव्हा त्यांच्या ओठांवर घाम होता. या वेळी सरदारजींनी तो दोन्ही हातांत, प्रसाद घ्यावा तसा घेतला, आणि पावले मोजत आत गेले. फास यंत्राच्या टोकावर बसवला. आता स्फटिक झोताच्या बरोबर मध्यावर आणायचा होता. त्याची मोठी केलेली प्रतिमा पडद्यावर दिसत होती आणि संशोधिका रेषेवर उभ्या राहून मान लांब करून ती पाहत होत्या.

"बाएँ. थोडा अजून बाएँ."

"इतना?"

"नाही, ज्यादा हो गया. मागे. पीछे. हळू. आहिस्ता, सरदारजी."

"आहिस्ता ही हूँ, पुत्तर।"

"बस. बस म्हटलं ना. हात काढा आता. हाथ हटाओ."

त्यांनी हात काढला. झाकण बंद केले, बाहेर आले. मी दार सोडले. वरचा दिवा लागला. तो लागला आहे हे मी पाहिले, इतर कोणी पाहिले नाही.

पहिले चित्र यायला वेळ लागतो. सरदारजींनी काचेमागचा पडदा आमच्याकडे वळवून ठेवला होता. आधी करडा रंग, मग मध्ये एक काळी सावली, आणि मग ठिपके. ते मधोमध दाट होते आणि बाहेर विरळ होत गेले होते, पण थांबले नव्हते. पडद्याच्या कडेपर्यंत गेले होते; ठिपके जितके दूर जातात तितके अणू स्पष्ट दिसतात. संशोधिका काचेजवळ जाऊन कडेचे ठिपके बोटाने मोजू लागल्या. मग मोजणे सोडून त्या भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या आणि पदर नसल्यामुळे ओढणीने तोंड पुसत राहिल्या.

"ठिपके बरे आहेत का?" मी विचारले.

"सर, तुम्हाला दिसून नाही राहिलं?"

"दिसतंय. तुमच्याकडून ऐकायचं होतं."

संपूर्ण मोजणी संध्याकाळपर्यंत चालली. बिल्ला असलेला एकच माणूस हजर असल्यामुळे सरदारजींना घरी जाता आले नाही. त्यांनी परोठे मागवले आणि दहीही. मी त्यांना म्हणालो की त्यांची प्रयोगशाळा नियमाप्रमाणे आहे. त्यांनी लोणच्याची फोड बाजूला काढत विचारले, "लिख के दोगे?" मी तेथेच लिहून दिले.

आमचा दिवा पावसाळा सरल्यावर आला. तोपर्यंत काळ्या ट्रंका रवाना झाल्या होत्या.

बऱ्याच महिन्यांनी त्यांचा फोन आला. गणित सुटले होते, लेख स्वीकारला गेला होता. सरदारजींचे नाव लेखकांत घातले होते. ते म्हणे आधी हसले आणि मग नावाचे स्पेलिंग दोनदा तपासून घेतले.

"अन् सर, तुमचंही नाव टाकते."

"कशासाठी?"

"तुम्ही नसता तर हे झालं असतं का?"

"मी नसतो तर तुम्ही आपल्याच यंत्रावर काम केलं असतं."

पलीकडे त्यांचा मुलगा हिंदीत भूक लागल्याचे सांगत होता.

"हेही खरंच आहे म्हणा," त्या म्हणाल्या.

यंत्र बंद केले ते योग्य होते, हे माझे मत आजही कायम आहे, आणि मी ते त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या की त्यांनी विचारलेच नव्हते. मग मी विचारले की ते प्रथिन दिसते कसे.

त्या सांगू लागल्या. आधी घाईने, मुलाला मधून "रुक जा दो मिनट" म्हणत, मग सावकाश. त्याला एका बाजूने एक खोल खाच आहे, कोणी अपेक्षिली नव्हती अशी, आणि गव्हाच्या पानातले काहीतरी त्या खाचेत नेमके बसत असावे असे त्यांना वाटत होते. काय ते अजून ठाऊक नव्हते. खाचेच्या तोंडाशी एक साखळी झाकणासारखी मिटते. ती मिटलेली असताना आणि उघडी असताना, दोन्ही वेळा काय होते, ते त्यांनी मला दोनदा सांगितले. मी मध्ये एकदाही बोललो नाही. मुलगा पुन्हा आला, तेव्हा त्यांनी फोन ठेवण्याआधी एवढेच विचारले, "ऐकून राहिले ना, सर?"

"ऐकतो आहे," मी म्हणालो. "त्याला आधी वाढा. मग पुन्हा फोन करा. ते झाकण उघडतं कशानं, ते राहिलं."